उतारू उतरतो कोठे?



या व्याख्यानमालेत आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाने इतिहासावर बोलावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाबाहेर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा पंडितांनी करावयाचे विवेचन आम्हांकडून होणार नाही. आम्ही एक साधा प्रश्न घेऊन आलो आहो. परगावी गेलेल्या गरीब माणसाने रात्री उतरावयाचे कोठे, आणि तेथे पोचावयाचे कशाने?

हा प्रश्न आम्हांला सुचला तो ग्रंथ वाचून नव्हे. गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका कंत्राटी कामगाराचा मुलगा आखातात वायरमनच्या नोकरीवर निघाला. विमान मुंबईहून, पहाटेचे. आईबापांनी पोराला पोचवावयास जावे की नाही? ते गेले. विमानतळाजवळच्या लॉजमध्ये एका रात्रीचे भाडे विचारले, तर ते बापाच्या आठवड्याच्या मजुरीएवढे निघाले. बरे, दूर स्वस्तात राहावे, तर अपरात्री विमानतळ गाठावयास टॅक्सीला तेवढेच पैसे. त्या तिघांनी ती रात्र स्टेशनच्या बाकावर काढली. परत आल्यावर तो गृहस्थ आम्हांस म्हणाला, "अण्णा, विमानाचे तिकीट कंपनीने काढले, पण बूड टेकावयाला जागा कोणी दिली नाही." त्याला द्यावयास आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून आमच्या आधीच्या लोकांनी या प्रश्नाचे काय केले, हे आम्ही शोधू लागलो.

आपली मराठी भाषा या बाबतीत मोठी शहाणी आहे. गाडीतल्या प्रवाशाला आपण 'उतारू' म्हणतो. पाहुणा मुक्कामाला आला की विचारतो, "कोठे उतरलात?" गाडीतून उतरणे आणि मुक्कामाला उतरणे या दोहोंना शब्द एकच. जोवर माणसाला पाठ टेकावयास जागा मिळत नाही, तोवर तो खरोखर उतरलाच नाही, असा या शब्दाचा भाव आम्ही घेतो. वाहन आणि बिऱ्हाड हे दोन निराळे प्रश्न नाहीत, हे ध्यानात ठेवून पुढील हकीकत ऐकावी.

आपले तळेगाव हे वाटेवरचे गाव. घाट चढून आलेला माणूस पुण्याला जाताना याच बाजूने जावयाचा. वाटसरूला देवळाची ओसरी, चावडी किंवा धर्मशाळा मिळे. तेथे भाड्याचा हिशेब नसे, पण गावाची मर्जी असे. ही मर्जी केवढी मोठी गोष्ट आहे याचा दाखला आपल्याच गावाच्या इतिहासात आहे. १७७९ च्या जानेवारीत राघोबादादांना घेऊन इंग्रज कंपनीची फौज मुंबईहून घाट चढून तळेगावापर्यंत आली. मराठ्यांनी वाटेतला दाणावैरण आधीच नाहीसा केला होता. फौजेला पुढे पुणे दिसत होते, पण पोटाला आधार नव्हता. ती मागे फिरली, वडगावास वेढली गेली आणि तेथे तिला तहावर सही करावी लागली. शत्रूला उतरू द्यावयाचे नाही असे ठरले, आणि तोफा बाळगणाऱ्यालाही जागा मिळाली नाही. ही युक्ती शत्रूवर चालविली त्याचा अभिमान आहेच. पण हीच युक्ती आपण आपल्याच माणसांवर पिढ्यान् पिढ्या चालविली, तेही सांगितले पाहिजे.

१८३० मध्ये बोरघाटातून गाड्या जाण्याजोगा रस्ता झाला. १८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्यापर्यंत आगगाडी सुरू झाली. घाटातले लोहमार्गाचे काम पुरे व्हावयास १८६३ साल उजाडले. मधल्या काळात उतारूंना खोपोली ते खंडाळा हा टप्पा पालखीने, तट्टावरून किंवा पायी ओलांडावा लागे. पुढे गाडी सलग झाली आणि तिकिटाचे पैसे मोजील त्याला ती नेऊ लागली. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात कोणाचा खांदा कोणाला लागेल याचा नेम राहिला नाही. हा मोठाच फरक होता. परंतु तो स्टेशनच्या फाटकापर्यंतच होता. फाटकाबाहेर पाऊल टाकले की जुनी दुनिया उभीच होती.

१९०१ सालची गोष्ट घ्या. सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनावर संध्याकाळी चार मुले उतरली. त्यांत दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर होते. त्यांचे वडील गोरेगाव येथे नोकरीस होते. मुलांच्या अंगावर चांगले कपडे, खिशात पैसे. स्टेशनमास्तरांनी प्रथम प्रेमाने विचारपूस केली, आणि मुले महारांची आहेत असे कळताच त्यांचा चेहरा पालटला. बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. अखेर तोड निघाली ती अशी की भाडे दुप्पट द्यावयाचे आणि गाडी मुलांनीच हाकावयाची. गाडीवान पायी चालणार. जवळ शिदोरी होती, परंतु वाटेत कोणी पाणी देईना, म्हणून ती तशीच राहिली.

हेच भीमराव १९१७ मध्ये अमेरिकेत आणि इंग्लंडात शिकून बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. आता ते मोठे विद्वान होते. पण बडोद्यास उतरावयाचे कोठे? हिंदूंच्या खाणावळीत जागा मिळण्याची आशा नव्हती. एका पारशी सराईत पारशी नाव लावून ते राहिले. जेवणखाणासह रोजचे दीड रुपया द्यावयाचे ठरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक चालून आले आणि त्यांना जागा सोडावी लागली. एका हिंदू व एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही अडचण सांगितली. रात्रीच्या गाडीची वाट पाहत ते बडोद्याच्या कमाठी बागेत बसून राहिले. पुढे १९२९ मध्ये चाळीसगावी टांगेवाल्यांनी त्यांना नेण्याचे नाकारले. वस्तीतल्या लोकांनी टांगा मिळविला, पण हाकणारा नवखा. मोरीवर टांगा कलंडला आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. या तिन्ही हकीकती त्यांनी स्वतः लिहून ठेविल्या आहेत.

या तिन्ही ठिकाणी त्यांच्यापाशी पैसा नव्हता काय? होता. गाडी होती, खोली होती, भाडे देण्याची तयारीही होती. तेव्हा स्वस्त लॉज कोठे मिळेल हा प्रश्न विचारण्यापूर्वी एक वडील प्रश्न विचारावा लागतो. दार कोणाला उघडते? दरपत्रक त्यानंतरचे.

आता मुंबईकडे वळू. गिरण्या निघाल्या, गोदी वाढली आणि कोकण, देश, गोवा येथून माणसे मुंबईस लोटली. १९०३ मध्ये अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल उघडले, पण ते यांच्यासाठी नव्हते. मध्यम स्थितीतल्या मराठी माणसाला क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह होते. लोकमान्य टिळक मुंबईस आले की तेथे उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचा देहान्तही तेथेच झाला. मग हमाल, गिरणीवाला, खलाशी यांनी काय केले? त्यांची सोय ना सरकारने केली, ना सावकाराने. ती त्यांनी आपापसांत केली.

एका गावचे लोक मिळून चाळीत खोली घेत. तिला गावाची खोली किंवा गाळा म्हणत. नवा माणूस वळकटी घेऊन थेट तेथे जाई. आमचे एक चुलते परळच्या गिरणीत होते. लहानपणी आम्ही त्यांच्या गाळ्यात राहिलो आहो. दिवसपाळीचा उठला की त्याच अंथरुणावर रातपाळीचा पडावयाचा. अंथरूण कधी गार झाले नाही. गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींनी हीच गोष्ट अधिक शिस्तीने केली. धोबीतलाव, माझगाव या भागांत त्यांच्या गावोगावच्या 'कूड' निघाल्या. बोटीची वाट पाहणाऱ्या खलाशाला तेथे पेटी ठेवावयास आणि चटई पसरावयास जागा मिळे, वर्गणी अल्प असे आणि संध्याकाळची प्रार्थना एकत्र होई. काही कूड आजही चालू आहेत. आमच्या मावळातले, खेड-जुन्नरकडचे डबेवाले पाहा. मुंबईत चाकरमान्यांची जेवणे पोचविता पोचविता त्यांनी आपल्या संस्थेमार्फत आळंदी, भीमाशंकर अशा क्षेत्री धर्मशाळा बांधल्या.

राहावयाची जागा झाली, तरी जेवण हवेच. गिरणगावात ते खाणावळवाल्या बायांनी पुरविले. पहाटेपासून चुलीपुढे बसून या बायका कामगारांचे डबे करीत. पगार झाला की पैसे, तोवर उधार. त्यामुळे वाण्याच्या कर्जात त्या गळ्यापर्यंत बुडालेल्या. १९७५ मध्ये कामगार कार्यकर्त्या प्रेमाताई पुरव यांनी त्यांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभारली आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून दिले. गिरणी कामगार स्वस्तात जेवत होता, त्याचे मोल या बायका आपल्या अंगावर काढीत होत्या, हे तेव्हा पुष्कळांच्या डोळ्यांपुढे आले. आम्ही कामगार संघटनावाले याला चुकलो होतो. मजुरीचा हिशेब मांडताना चूल आम्ही धरलीच नव्हती.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरातले कामगार बाहेर पडले, आणि त्यांतील असंख्य पुन्हा आत गेले नाहीत. गिरण्या मिटल्या आणि त्यांच्या जमिनींवर मोठमोठी दुकाने व मनोरे आले. नोकऱ्या गेल्या याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण आणखी एक गोष्ट गेली, तिची नोंद थोड्यांनी घेतली. खेड्यातल्या माणसाची मुंबईत उतरण्याची जागा गेली. आमच्या चुलत्यांचा गाळा राहिला असता, तर त्या वायरमनच्या आईबापांना बाकावर रात्र काढावी लागली नसती.

परंतु जुन्याचे कौतुक करताना खोटे बोलू नये. गावाच्या खोलीत परगावच्याला जागा नव्हती. बहुतेक ठिकाणी परजातीच्यालाही नव्हती. बाईमाणसाला तर नव्हतीच. नात्याने उघडणारे दार नाते नसलेल्याला बंदच राहते. त्या चुलत्यांच्या गाळ्यात आम्हांला जागा मिळाली, ती आम्ही त्यांचे पुतणे म्हणून; चांगले माणूस म्हणून नव्हे.

हे दार नात्यापलीकडे उघडण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत गाडगे महाराजांचे नाव पहिले घ्यावे लागेल. ज्यांनी स्वतःसाठी झोपडी बांधली नाही, त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरास अस्पृश्य वारकऱ्यांना कोणी उतरू देत नसे. त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि पुढे १९४९ मध्ये ती डॉक्टर आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. मसूरला ज्या मुलाला गाडी मिळाली नव्हती, त्याच्याच संस्थेच्या हाती एक धर्मशाळा आली. पुढची गोष्टही तितकीच मोलाची आहे. देवाच्या दारी जाणाऱ्यापेक्षा दवाखान्याच्या दारी जाणाऱ्याला आसऱ्याची गरज अधिक, हे बाबांच्या परंपरेने ओळखले. परळचे टाटा रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथे येणाऱ्या खेडोपाडीच्या कर्करोग्यांना आणि त्यांच्या नातलगांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार झाला, तो आजही आहे. आपल्या मावळातलेही कित्येक तेथे राहून आले असतील.

कायदाही मागोमाग आला. १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून मज्जाव करता येणार नाही असे ठरविले. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून धर्मशाळा, सराई आणि सार्वजनिक वाहन नाकारणे हा गुन्हा केला. वाहन आणि बिऱ्हाड कायद्याने एकाच कलमात बसविले, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

मग दार उघडले काय? पुष्कळसे उघडले. तरी आमच्या एका सोबत्याला तीन वर्षांपूर्वी एका शहरात लॉजच्या खिडकीवर खोल्या शिल्लक आहेत असे सांगितले गेले, आणि ओळखपत्रावरचे नाव वाचताच त्या भरल्या. कोठे 'याच शहराचे आधारकार्ड चालणार नाही' म्हणतात. कोठे एकट्या बाईला खोली देत नाहीत. आणि सर्वांत मोठा दरवान म्हणजे भाडे. त्याला कोणी जातीयवादी म्हणत नाही, म्हणून तो निर्धास्त उभा असतो.

विमानाची गोष्ट या दरवानावरूनच काढू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून मुंबईस जुहूच्या धावपट्टीवर उतरले. त्या काळी विमान हे श्रीमंतांचे वाहन. म्हणून विमानतळाभोवतीची सोय श्रीमंतांच्या बेताने झाली. आज विमानात बसतो तो गवंडी, वायरमन, परिचारिका. उतारू बदलला, सोय बदलली नाही. आपले लोहगाव मुळात हवाई दलाचे. तेथे २०२४ मध्ये नवी इमारत सुरू झाली. आपल्याला तेथे जावयाचे तर १९७८ पासून धावणारी पुणे-लोणावळे लोकल आणि पुढे महानगर परिवहनाची बस, हा स्वस्त मार्ग आहे. पण अपरात्रीच्या विमानाला दोन्ही उपयोगी नाहीत. मुंबईत २०२४ च्या ऑक्टोबरापासून भुयारी मेट्रो थेट विमानतळापाशी थांबते, ही गरिबाच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट झाली. तीही रात्री उशिरा बंद असते. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. तो तळेगावकराला वाटेवरचा आहे. त्याच्या आसपास कोणाच्या बेताची सोय होणार, हे आताच पाहिले पाहिजे.

तोवर जाणाऱ्याने करावयाचे काय? अनुभवाच्या दोन गोष्टी सांगतो. खोलीचे भाडे एकटे कधी पाहू नये. समजा, विमानतळाजवळ खोली २,००० रुपयांना आहे आणि दूरवर ९०० रुपयांना. दूरच्या खोलीपासून रात्रीची टॅक्सी ८०० झाली, तर वाचले अवघे ३००, आणि झोप गेली ती वेगळी. दिवसाचे विमान असेल तर मात्र लोकलच्या किंवा मेट्रोच्या स्टेशनाला लागून असलेली खोली घ्यावी. दादर, अंधेरी, कुर्ला अशा ठिकाणी. दुसरी गोष्ट, रेल्वेचे तिकीट असेल तर मोठ्या स्टेशनांवरील विश्रामकक्षाची चौकशी आधी करावी. आणि कोठेही गेलात तरी सगळे कर, जादा गादीचे पैसे, खोली रिकामी करण्याची वेळ हे पैसे देण्यापूर्वी लिहून घ्यावे. तोंडी दर हा दर नव्हे, हे आम्ही कामगारांना करारनाम्याच्या बाबतीत रोज सांगतो. उतारूलाही तेच लागू.

पण एवढे सांगून आम्ही खाली बसलो, तर निम्मेच बोललो असे होईल. येथवर आपण परगावी जाणाऱ्याची कैफियत ऐकली. आपल्या गावी येणाऱ्याचे काय? तळेगाव, चाकण, पिंपरी-चिंचवड या पट्ट्यात मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-ओडिशातून रोज तरुण पोरे येतात. रात्रीच्या गाडीने स्टेशनात उतरतात, पाठीवर पिशवी, हातात ठेकेदाराचा नंबर. त्यांना आपण काय देतो? 'कॉट बेसिस'. एका खोलीत आठ-दहा खाटा, एक मोरी, आगाऊ पैसे आणि पावती नाही. परळच्या गाळ्यातही अशीच गर्दी होती, पण तेथे आजारी पडलेल्याला चहा करून देणारा गाववाला होता. येथे खाट भाड्याने मिळते, गाववाला मिळत नाही. खोली देताना आपण नाव विचारतो, गाव विचारतो, आणि कधी कधी 'खोली भरली' म्हणतो. मुंबईच्या लॉजवाल्यावर रागावण्याचा आपला अधिकार कितीसा उरतो, हे ज्याने त्याने पाहावे.

आपल्या गावाच्या इतिहासात आणखी एक गोष्ट आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड जमविला. लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिले, आणि १९०८ मध्ये त्याच पैशांतून याच तळेगावात काचेचा कारखाना उभा राहिला. त्या काळी ही कल्पना वेडगळ म्हणणारे निघालेच असतील. कारखाना मात्र उभा राहिला.

ज्या गावात पैशापैशाने कारखाना झाला, त्या गावी स्टेशनापासून चालत जाण्याजोगी एक उतारशाळा होऊ नये काय? पन्नास खाटा, त्यांत बायकांसाठी निराळा भाग, भिंतीवर ठळक अक्षरांत दर, घेतलेल्या प्रत्येक पैशाची पावती, आणि दारावर नावगाव विचारावयाचे ते नोंदीपुरते, निवड करण्यासाठी नव्हे. नगरपरिषदेने जागा द्यावी, कारखानदारांनी वर्गणी द्यावी, कामगार संघटनांनी देखरेख ठेवावी. आमच्या संघटनेच्या वाटचे काम आम्ही करू, हे येथे सर्वांसमक्ष सांगून ठेवतो. आणि असे एक घर येथे झाले, की दादर-कुर्ल्याच्या बाजूस मावळच्या उतारूंसाठी दुसरे मागावयास आम्हांला तोंड राहील.

व्याख्यान संपले की आपण घरी जाल. वाटेत स्टेशनावरून जावयाचे असेल, तर फलाटाच्या बाकाकडे एकदा पाहावे. तेथे पिशवी उशाशी घेऊन कोणी आडवा झालेला असेल. त्याला विचारावे, "बाबा, कोठे उतरलास?"